साकव

सातारा जिल्ह्यातल्या एका लहानशा वाडीत एक म्हातारे शिपाई राहत होते. सगळे त्यांना आबा म्हणत. वाडी एका काठाला, शाळा आणि रस्ता दुसऱ्या काठाला, आणि मधून ओढा वाहायचा. उन्हाळ्यात त्यात पाय ओला होईल एवढंही पाणी नसे. पावसाळ्यात मात्र तांबडं पाणी दुथडी भरून यायचं आणि ओढ्यावरचा साकव मोडून घेऊन जायचं.

पाणी उतरलं की आबा कोयता आणि सुंभाचं वेटोळं घेऊन ओढ्यावर जायचे. बाभळीचे ओंडके रोवायचे, त्यांवर कळक बांधायचे, वर सपाट दगड बसवायचे. गाठ अशी मारायचे, की गुरं गेली तरी साकव हलायचा नाही. मग पाटी-दप्तर घेतलेली पोरं त्यावरून पळत शाळेला जायची.

या कामाची मजुरी त्यांनी कधी घेतली नाही. येणारे-जाणारे विचारायचे, "आबा, हे काम तुम्हाला कुणी सांगितलंय?"

आबा हसून म्हणायचे, "कुणी न्हाई. म्हणून तर करायचं."

लोकांना वाटायचं, पलटणीतली सवय आहे, सुटत नाही. आबा तरुणपणी खडकीच्या बॉम्बे सॅपर्स अँड मायनर्समध्ये होते. पूल बांधणं, रस्ते करणं, सुरुंग पेरणं हेच त्या पलटणीचं काम. दुसऱ्या महायुद्धात आबा मलायात गेले, तिथून सिंगापुरात आले आणि साडेतीन वर्षं जपान्यांचे कैदी होऊन राहिले. एवढंच वाडीला माहीत होतं. याहून जास्त आबांनी कुणाला सांगितलं नव्हतं, घरच्यांनाही नाही.

आबांना दोन मुलगे होते. थोरला वाडीतच राहिला, शेती बघू लागला. धाकटा शिकला, इंजिनिअर झाला, सिंगापूरला नोकरीला गेला. तो पैसे पाठवायचा, थोरला राबायचा. दोघांच्या बळावर शेतात विहीर झाली आणि जिथे हुलगा कसाबसा यायचा तिथे ऊस उभा राहिला. आबा आणि आजी बांधावर बसून ऊस बघायचे. त्यांना याहून काही नको होतं.

मग आजी गेली. तेराव्याला पाव्हणे जमले होते. पाण्याच्या पाळीवरून कुणीतरी काहीतरी बोललं, आणि धाकट्याच्या तोंडून निघून गेलं, "माझ्या पैशानं झालीय ही विहीर."

थोरला उठून उभा राहिला. "मग घेऊन जा विहीर सिंगापूरला," तो म्हणाला.

एवढीच दोन वाक्यं. दोन वर्षं झाली, भाऊ भावाशी बोलला नव्हता.

आबा दोघांना काही म्हणाले नाहीत. धाकट्याचं पत्र आलं, "आबा, महिनाभर इकडे या, नातीला तुम्हाला बघायचंय," तेव्हा मात्र लगेच हो म्हणाले. १९९१ सालचा फेब्रुवारी होता. थोरला त्यांना मुंबईपर्यंत सोडायला आला. विमानतळाच्या दारात त्यानं पिशवीतून गुळाची एक लहान ढेप काढली, फडक्यात नीट गुंडाळलेली.

"पोरीला आवडतो," तो म्हणाला आणि मागं वळला.

धाकट्याचं घर पाया लेबारला होतं, उंच इमारतीत नवव्या मजल्यावर. खाली जवळच सव्वा वर्षापूर्वी सुरू झालेलं आगगाडीचं स्टेशन होतं. आबांनी खिडकीतून खाली बघितलं. जिकडेतिकडे सिमेंटचे रस्ते, दुकानं, इमारती. ते बराच वेळ काही शोधत राहिले.

"आजोबा, काय बघताय?" नातीनं विचारलं. ती नऊ वर्षांची होती.

"पाणथळ बघतोय. पाया म्हंजे दलदल, लेबार म्हंजे रुंद. मलाय लोकांनी दिलेलं नाव हाय. तवा इथं खरंच सगळी दलदल होती."

"तुम्ही इथे आधी आला होता?"

"आलो होतो," आबा म्हणाले आणि खिडकीपासून बाजूला झाले.

गुळाची ढेप त्यांनी मुलाच्या हाती दिली. "दादानं दिलाय."

धाकट्यानं फडकं न सोडताच ती वरच्या फडताळात ठेवली. आबांनी बघितलं. बोलले काही नाहीत.

पुढच्या रविवारी आबा म्हणाले, "मला क्रांजीला न्या." सगळे गेले. टेकडीवर युद्धातल्या सैनिकांची दफनभूमी आहे. हिरवळीवर पांढऱ्या दगडांच्या रांगा, आणि वर विमानाच्या पंखासारखं छप्पर असलेलं स्मारक. ज्यांचा देह मिळाला नाही अशा २४ हजारांहून अधिक माणसांची नावं तिथल्या भिंतींवर कोरलेली आहेत. आबांना इंग्रजी वाचता येत नव्हतं. नात एकेक नाव वाचत गेली. मधेच एखादं आपल्या मुलखातलं आडनाव यायचं. तेव्हा आबा तिला थांबवायचे, त्या नावावरून बोट फिरवायचे आणि मग म्हणायचे, "हं, पुढं वाच."

निघताना त्यांनी टोपी काढून नमस्कार केला. घरी येईपर्यंत ते गप्प होते.

त्या शुक्रवारी, १५ फेब्रुवारीला, चिनी नववर्ष होतं. दारोदारी लाल कंदील लागले होते, दुकानं बंद होती. सकाळी शेजारची चिनी आजी आली. केस पांढरे, पाठीत थोडी वाकलेली. तिनं दोन्ही हातांत धरून दोन संत्री आबांपुढे केली. नववर्षाला तिथे एकमेकांना संत्र्यांची जोडी देतात. आबांना तिची भाषा येत नव्हती, तिला आबांची येत नव्हती. आबांनीही दोन्ही हातांनी संत्री घेतली आणि कपाळाला लावली.

मग ते नातीला म्हणाले, "पोरी, रिकाम्या हातानं कसं धाडायचं? फडताळातला गूळ काढ."

नातीनं बापाकडे बघितलं. बाप दुसरीकडे बघत होता. तिनं स्टुलावर चढून ढेप काढली. आबांनी फडकं सोडलं, ढेप फोडली, आणि मोठा खडा म्हातारीच्या ओंजळीत ठेवला. तिनं तिथेच एक तुकडा तोंडात टाकला, डोळे मिटले आणि मान हलवली. घरभर गुळाचा वास पसरला. धाकटा उठून गॅलरीत जाऊन उभा राहिला.

संध्याकाळी दूरदर्शनवर बातम्या लागल्या होत्या. आखातात युद्ध चालू होतं. इराकमधले पूल बॉम्बनं कोसळताना दाखवत होते. आबांनी थोडा वेळ बघितलं आणि पायांत चपला घातल्या.

"चल गं, जरा फिरून येऊ," ते नातीला म्हणाले. धाकटाही मागून निघाला.

इमारतींच्या पलीकडे सिमेंटचा रुंद नाला होता. त्यावर कठड्याचा लहानसा पूल होता. आबा पुलाच्या मधोमध थांबले आणि कठड्यावर हात ठेवला.

"इथंच कुठंतरी होता," ते म्हणाले.

"काय आजोबा?"

आणि ४९ वर्षांत जे कुणाला सांगितलं नव्हतं ते आबांनी नऊ वर्षांच्या मुलीला सांगितलं.

"आम्ही मलायातनं माघार घेत आलो. जपानी सायकलीवरनं मागं लागलेले. आमचं काम एकच, शेवटची तुकडी पार झाली की मागचा पूल उडवायचा. किती पूल उडवले त्याची मोजदाद न्हाई. आम्ही उडवायचो, ते फळ्या टाकून पार व्हायचे. सत्तर दिवसांत ते वरनं हितवर आले. शेवटी शहराभोवती एक फळी धरली. ती रेघ ह्या पाया लेबारवरनं जात होती.

"हितं एक ओहोळ होता. त्यावर लाकडाचा पूल. आपल्या साकवाएवढाच. मी सुरुंग बांधला. पलीकडनं बायाबापड्या गाठोडी घेऊन शहराकडं पळत होत्या. हवालदारानं वेळ दिली होती, ती संपली. तेवढ्यात लांबनं एक म्हातारी येताना दिसली. हाताला धरून एक पोर, डोक्यावर गाठोडं. पोराला चालवत न्हवतं. मी हवालदाराकडं बघितलं. त्यानंही तिला बघितली होती. पण त्यालाही वरनं हुकूम होता. त्यानं हात खाली केला. मी वात पेटवली.

"धूर गेला. म्हातारी पलीकडच्या काठाला उभी. रडली न्हाई, शिव्या दिल्या न्हाईत. नुसती माझ्याकडं बघत राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी जपानी त्याच ओहोळावर फळ्या टाकून अलीकडं आले. म्हंजे बघ, मी पूल मोडला त्यानं फौज थांबली न्हाई. थांबली ती एक म्हातारी आणि एक पोर."

नात हळूच म्हणाली, "आपल्या शेजारची आजी तीच का?"

"न्हाई गं. ती तवाच म्हातारी होती. तिचं पुढं काय झालं, मला ठाव न्हाई. त्याच दिवशी संध्याकाळी लढाई थांबली, आम्ही शस्त्रं खाली ठेवली. १५ फेब्रुवारीच होती. तवाबी चिन्यांचं नवं वर्ष त्याच दिवशी आलं होतं. पण त्या दिवशी कुणी कंदील लावला न्हवता."

आबा थोडं थांबले. नाल्यातून पाण्याची बारीक धार वाहत होती.

"मग कैद. माझे काही सोबती आझाद हिंद सेनेत गेले. काही छावणीतच राहिले. जो तो आपल्या मनाशी बोलून गेला, मी कुणाला बरं-वाईट म्हटलं न्हाई. मला हिवतापानं धरलं होतं. बरं वाटलं की गोदीवर हमाली, ताप आला की छावणीत. साडेतीन वर्षांत घरी एक कार्ड गेलं न्हाई. तुझ्या आजीला लोक म्हणाले, आता कुंकू पूस. ती म्हणाली, मला कुणी येऊन सांगितलंय का? त्यांचं नाव घेऊन कुणी येत न्हाई तवर मी पुसायची न्हाई."

धाकटा कठड्याला टेकून ऐकत होता. हे त्यालाही माहीत नव्हतं.

"सुटका झाली. ह्या इस्पितळातनं त्या इस्पितळात, मग खडकी, मग कागदपत्रं. १९४६ चा पावसाळा उजाडला. घरी यायला निघालो. मोटारीनं रस्त्याला सोडलं, ओढ्यापर्यंत पळत आलो. बघतो तर ओढा तुडुंब, साकव वाहून गेलेला. आणि पलीकडच्या काठाला तुझी आजी उभी. हाताला धरून एक पोर. मी गेलो तवा ते पोटात होतं. तुझा मोठा काका."

आबांचा आवाज जरा बसला.

"पाण्याचा आवाज एवढा, की ती काय म्हणते मला ऐकू येईना. ती नुसती उभी होती. माझ्याकडं बघत. मी अलीकडच्या काठाला मटकन खाली बसलो. मला ती म्हातारीच दिसली गं. तेच पोर, तसंच उभं राहणं. पाणी उतरायला सबंध रात्र गेली. त्या रात्री मी दरडीखाली भिजत बसलो आणि मनाशी म्हटलं, पूल मोडायचा हुकूम मला कितीतरी वेळा आला. पण हितं साकव बांधायचा हुकूम मला कोण देणार? कुणीच न्हाई. मोडायला सांगणारा भेटतो. बांधायला सांगणारा कधी यायचा न्हाई. ते आपलं आपल्यालाच सांगावं लागतं."

"मग?"

"मग काय. सकाळी पाणी उतरलं, घरी गेलो. तुझ्या काकानं मला बघून आईला विचारलं, हे पाव्हणं कोण? दुपारी भाकरी खाल्ली आणि कोयता घेऊन ओढ्यावर आलो. तो पहिला साकव. काका कळक धरून उभा होता, पाच वर्षांचा. गाठ कशी मारायची, ते मी त्याला त्याच दिवशी शिकवलं."

आबा एवढंच बोलले. मुलाकडे त्यांनी बघितलंही नाही. नातीचा हात धरून ते पूल ओलांडून पलीकडे गेले, आणि पुन्हा त्याच पुलावरून परत आले.

रात्री जेवणं झाली. सिंगापुरात साडेनऊ वाजले होते, म्हणजे वाडीत संध्याकाळचे सात, दिवेलागणीची वेळ. गावात वाण्याच्या दुकानात फोन होता. धाकट्यानं नंबर फिरवला आणि निरोप दिला, "दादाला बोलवा, अर्ध्या तासानं परत करतो."

तो अर्धा तास तो फोनजवळच बसून राहिला. समोर बशीत गूळ होता. त्यानं एक खडा उचलला, हातात धरून बसला, मग तोंडात टाकला.

फोन पुन्हा लागला. पलीकडून थोरल्याचा आवाज आला, धावत आल्यासारखा. "कोण? आबा बरं हायत ना?"

"आबा बरे आहेत, दादा," धाकटा म्हणाला. मग त्याला पुढचं काही सुचेना. "गूळ चांगला झालाय," तो म्हणाला.

पलीकडे कुणी बोलेना. दुकानातल्या माणसांची कुजबुज ऐकू येत होती. फोनचे पैसे वाढत होते.

मग थोरला म्हणाला, "यंदा पाणी पुरलं विहिरीला."

"दादा, मी तसं बोलायला नको होतं."

"मीबी," थोरला म्हणाला.

गॅलरीत आबा खुर्चीत बसले होते. त्यांनी ऐकलं आणि डोळे मिटून घेतले.

त्या वर्षी पावसाळ्यात ओढ्यानं पुन्हा साकव नेला. दसऱ्यानंतर थोरल्यानं आबांना काठावर बसवलं आणि स्वतः कोयता घेतला. ओंडके रोवले, कळक बांधले, दगड बसवले. मात्र मधला एक दगड त्यानं बसवायचा ठेवला. पोरं तेवढी जागा उडी मारून ओलांडू लागली. लोकांनी विचारलं, "हा एक कशाला ठेवलास?" तो काही बोलला नाही.

वर्षाच्या अखेरीस सिंगापूरच्या शाळांना सुट्टी लागली. धाकटा बायको-मुलीला घेऊन वाडीला आला. ओढ्यावर पोचला तेव्हा पलीकडच्या काठाला आबा आणि दादा उभे होते, आणि साकवाच्या मधे एका दगडाएवढी फट होती. दगड काठावरच पडलेला होता. धाकट्यानं सामान खाली ठेवलं, विजार दुमडली आणि दगड उचलला. पलीकडून दादा साकवावर आला. दोघांनी मिळून तो बसवला. नातीनं सुंभाचं टोक धरलं, दादानं तिला गाठ शिकवली.

मग आबा पहिल्यांदा त्यावरून चालत गेले.

गोष्ट एवढीच. आबांच्या हातून पूल मोडले गेले, ते हुकमानं. त्यांच्या हातून साकव बांधले गेले, ते कुणी न सांगता. घरातही असंच असतं. मोडायला निमित्त लागतं आणि ते सहज मिळतं. एक शब्द, एक पाळी, चारचौघांतला राग. जोडायला मात्र कुणी सांगायला येत नाही, आणि आपण त्या सांगणाऱ्याची वाट बघत दोन काठांवर उभे राहतो. वाट बघण्यात वर्षं जातात. पलीकडे कुणीतरी पोराचा हात धरून उभं असतं, आणि पाण्याच्या आवाजात त्याचं बोलणं आपल्याला ऐकू येत नसतं. म्हणून जो आधी कोयता उचलतो त्याला मोठा म्हणावं, मग तो वयानं थोरला असो की धाकटा.